जंतू रोग करतो म्हणजे काय करतो?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी निवडलेला विषय आपल्या नित्याच्या पाठातीलच आहे. ‘जंतूंमुळे रोग होतात’ हे वाक्य आपणांपैकी प्रत्येकाने फळ्यावर लिहिले आहे आणि मुलांकडून पाठही करवून घेतले आहे. वाक्य खरे आहे, परंतु ते अर्धे आहे. एखादा चौकस मुलगा उठून विचारील, “गुरुजी, जंतू शिरला हे समजले, पण शिरल्यावर तो करतो काय?” या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे. ते केवळ मुलाच्या समाधानासाठी नव्हे. त्या उत्तरावर गावातील माणसांचे प्राण अवलंबून असतात, म्हणून.

हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल. पण आपल्या अनुभवाशी ते ताडून पाहा. मुलाला जुलाब लागले की घरातील वडील मंडळी त्याचे पाणी तोडतात. पोटात गेलेले सर्व बाहेर पडते, मग आणखी कशाला द्यावयाचे, असा त्यांचा हिशेब. पायात खिळा शिरला व रक्त फारसे आले नाही, तर जखम किरकोळ समजून तिच्यावर माती दाबतात. क्षयाच्या रोग्याला दोन महिन्यांत बरे वाटू लागले की तो गोळ्या बंद करतो. या तिन्ही घरांतील मुलांनी ‘जंतूंमुळे रोग होतात’ हे वाक्य शाळेत पाठ केलेले असते. वाक्य पाठ होते, परंतु ते उपयोगी पडत नाही. कारण कोणता जंतू कोणत्या रीतीने अपाय करतो, हे त्या वाक्यात नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. नव्या पाठ्यपुस्तकांत ज्यांना जीवाणू म्हटले आहे ते जंतू सर्वच्या सर्व आपले वैरी नव्हेत. विरजणातील जंतू दुधाचे दही करतात. भुईमूग व तूर यांच्या मुळांवरील गाठींतील जंतू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. आपल्या आतड्यात असंख्य जंतू जन्मभर राहतात आणि बहुधा आपले हितच करतात. रोग करणारे जंतू या अफाट समुदायात मोजकेच. त्यांनाही आपणांस मारण्याची इच्छा असते असे नाही. इतर कोणत्याही प्राण्याप्रमाणे त्यांना अन्न हवे, राहावयास जागा हवी आणि वंश वाढावयास हवा. हे तिन्ही त्यांनी आपल्या शरीरात मिळविताना आपले जे नुकसान होते, त्यालाच आपण रोग म्हणतो.

जंतू आकाराने किती लहान? पटकीचे जंतू टोकास टोक लावून ठेवले तर एका मिलिमीटरमध्ये चारपाचशे मावतील. आणि त्यांची वाढ किती वेगाने होते? अनुकूल स्थितीत आतड्यातील काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. सात तासांत असे २१ वेळा दुप्पट होणे घडले, तर एका जंतूचे २०,९७,१५२ जंतू होतात. चौथीच्या वर्गाला हे गणित जरूर घालावे. सकाळी शिजवून उघडे ठेवलेले अन्न संध्याकाळी का खाऊ नये, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आपले शरीरही काही उघडे रान नव्हे. त्वचा ही पहिली भिंत. नाक, घसा व आतडे यांच्या आतील बाजूस चिकट श्लेष्म्याचा थर असतो. त्यात पुष्कळ जंतू अडकून पडतात. जठरातील आम्लाने बहुतेक जंतू मरतात. यातूनही जो आत आला त्याला रक्तातील पांढऱ्या पेशी गिळून टाकतात. म्हणून जंतू अंगावर आला म्हणजे रोग झाला, असे नाही. रोग होण्यास जंतूला चार गोष्टी साधाव्या लागतात: योग्य वाटेने आत येणे, एखाद्या ठिकाणी घट्ट चिकटणे, शरीराच्या पहारेकऱ्यांना चुकविणे आणि पेशींच्या कामात बिघाड करणे. यांपैकी कोणतीही एक गोष्ट आपण होऊ दिली नाही, तर रोग टळतो. आता चार निरनिराळ्या रीती उदाहरणांनी पाहू.

पहिली रीत : आत न घुसता विष सोडणे

पटकीचे उदाहरण घ्या. स्वल्पविरामासारखा वाकडा असा हा जंतू दूषित पाण्यातून पोटात जातो. जठरातील आम्लात त्यांपैकी बहुतेक मरतात. म्हणून निरोगी माणसास पटकी होण्यास फार मोठ्या संख्येने जंतू पोटात जावे लागतात. जे वाचतात ते आपल्या शेपटीच्या साहाय्याने श्लेष्म्यातून पोहत लहान आतड्याच्या भिंतीशी पोहोचतात आणि बारीक केसांसारख्या तंतूंनी तिला चिकटतात. ते भिंत फोडून आत शिरत नाहीत. बाहेर राहूनच एक विष सोडतात. हे विष पेशीत शिरून तिच्या क्षार बाहेर टाकण्याच्या व्यवस्थेवरील ताबाच नाहीसा करते. क्षार आतड्यात वाहू लागतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. रोगी मरतो तो जंतूंनी खाल्ल्यामुळे नव्हे, पाणी व क्षार संपल्यामुळे मरतो.

हे कसे समजले, याचा इतिहास मुलांना सांगण्याजोगा आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यास पटकीच्या जंतूचा अभ्यास केला आणि हा जंतू विष निर्माण करीत असावा, असे अनुमान काढले. परंतु ते विष पुढील पाऊण शतक कोणाच्या हाती लागले नाही. बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांस बांधून त्यात जंतू सोडले, तेव्हा तो पाण्याने फुगला. नंतर त्यांनी जंतू गाळून काढले व नुसता निवळ द्रव सोडला. तरीही आतडे तसेच फुगले. जंतू नसतानाही रोगाची खूण दिसली, तेव्हा अपाय करणारे विषच होय, हे सिद्ध झाले. हा शोध १९५९ साली प्रसिद्ध झाला.

या ज्ञानाचा उपयोग पाहा. पटकीचे विष क्षार व पाणी बाहेर सोडते खरे. पण आतड्यातील दुसरे एक दार त्याच्याने बंद होत नाही. साखर व मीठ जोडीने आले म्हणजे आतडे ती दोन्ही आत घेते आणि त्यांच्याबरोबर पाणीही आत येते. नुसते पाणी दिल्याने जे साधत नाही, ते साखरमिठाच्या पाण्याने साधते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी उसळली. शिरेतून देण्याचे क्षारपाणी पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी साखरमिठाचे द्रावण पिंपांतून ठेवले आणि रोग्यांच्या नातलगांनाच ते पाजावयास लाविले. शंभरांत सुमारे तीस असलेले मृत्यूंचे प्रमाण चारांच्याही खाली आले. त्या नातलगांपैकी कोणी वैद्य नव्हते. त्यांना फक्त काय द्यावयाचे आणि किती द्यावयाचे, एवढे ठाऊक झाले होते.

हे द्रावण म्हणजेच आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनी. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ यापेक्षा अधिक घालू नये. अश्रूंहून खारट लागल्यास ते पाणी टाकून पुन्हा करावे. दर जुलाबानंतर थोडे थोडे पाजीत राहावे. अंगावरचे दूध वा नेहमीचे अन्न बंद करू नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पाणी पोटात ठरेना किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर पाणी पाजीतच त्याला दवाखान्यात न्यावे.

शौचातून रक्त पडणे ही मात्र वेगळ्या जंतूची खूण असू शकते. जपानी शास्त्रज्ञ शिगा याने १८९७ सालच्या साथीत शोधलेला हगवणीचा जंतू आतड्याच्या पेशींतच घुसतो आणि त्यांचा नाश करतो. शिवाय तो आम्लाला दाद देत नाही. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी रोग होऊ शकतो. एवढे जंतू न धुतलेल्या एका बोटावरही मावतात. म्हणून पटकीसाठी जसे विहिरीकडे पाहावे, तसे या हगवणीसाठी प्रथम हातांकडे पाहावे. शाळेत दुपारच्या जेवणापूर्वी साबणाने हात धुवावयास लावणे हा शिस्तीचा देखावा नव्हे, तर या जंतूची वाट अडविण्याचा तो खात्रीचा उपाय आहे.

दुसरी रीत : एका ठिकाणी राहून दूरवर विष पाठविणे

घटसर्पाचा जंतू घशात वस्ती करतो व तेथे करड्या रंगाचा चिवट पडदा धरतो. लोफ्लर याने १८८४ साली या रोगाचा अभ्यास केला, तेव्हा त्याला एक कोडे पडले. जंतू सापडत ते फक्त घशात. पण मृत मुलांची हृदये व इतर इंद्रियेही बिघडलेली दिसत. १८८८ साली रू व येर्सिन यांनी पॅरिस येथे या जंतूचे विष वेगळे करून दाखविले आणि कोडे उलगडले. जंतू घशातच राहतो. त्याचे विष रक्तावाटे हृदयास व मज्जातंतूंस पोहोचते आणि पेशींतील प्रथिने बनविण्याचे काम बंद पाडते. यातील एक नवल असे की, हे विष तयार करण्याची कला त्या जंतूची स्वतःची नव्हे. १९५१ साली असे आढळले की, एका विशिष्ट विषाणूची लागण झाली तरच घटसर्पाचा जंतू विषारी होतो. रोग देणाऱ्यालाही कोणाची तरी लागण व्हावी लागते!

धनुर्वाताची गोष्ट याहूनही निराळी. त्याचे बीजाणू मातीत व जनावरांच्या शेणात असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. मोकळ्या हवेत हा जंतू वाढत नाही. त्याला हवा न लागणारी जागा हवी. खिळ्याची वा बाभळीच्या काट्याची खोल, अरुंद जखम म्हणजे त्याला आयते घर. जखम वरून मिटते आणि आत जंतू विष तयार करतो. ते विष मज्जातंतूंच्या वाटेने मेरुरज्जूपर्यंत चढत जाते आणि स्नायूंना सैल सोडणारी आज्ञाच तोडून टाकते. मग जबडा आवळतो व शरीर धनुष्यासारखे ताठ वाकते. जी जखम आपण क्षुल्लक म्हणून सोडून देतो, तीच येथे घातक ठरते. तिच्यावर माती किंवा शेण लावणे म्हणजे जंतूची आपल्या हाताने पेरणी करणे होय. बाळाच्या नाळेलाही हाच नियम लागू आहे. लसीकरण व दवाखान्यातील बाळंतपणे यांमुळे २०१५ साली आपल्या देशातून माता व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले. परंतु मातीतील बीजाणू कोठे गेलेले नाहीत. टीका ढिली पडली तर रोग परत येईल.

या दोन्ही रोगांत शत्रू जंतूपेक्षा त्याचे विष हा आहे. म्हणून लसही विषाविरुद्धच बनविलेली आहे. विषाचा अपायकारकपणा नाहीसा करून त्याचे रूप तेवढे राखावयाचे व ते टोचावयाचे. शरीर ते रूप ओळखावयास शिकते आणि खरे विष आले की त्याला बांधून टाकते. धनुर्वातात एक विलक्षण गोष्ट आहे. प्राण घेण्यास त्याचे इतके थोडे विष पुरते की, तेवढ्याने शरीराला त्याची ओळखही पटत नाही. धनुर्वात होऊन वाचलेल्यालासुद्धा पुढे लस घ्यावीच लागते. ‘एकदा होऊन गेला, आता भय नाही’ हे येथे खरे नाही.

बालपणीच्या टोचण्यांचा प्रभाव काळाने ओसरतो. म्हणून धनुर्वात व घटसर्प यांची एकत्र लस १० व्या व १६ व्या वर्षी पुन्हा देतात. दहाव्या वर्षाचे मूल आपल्याच वर्गात बसलेले असते. टोचण्याच्या दिवशी पटावरील कोणती नावे गैरहजर आहेत, हे परिचारिकेला कळणार नाही, आपल्याला कळते. त्या दिवशी ज्या घरचे मूल लपवून ठेवलेले असते, त्या घरी जाऊन दोन शब्द सांगण्याचे काम आपलेच आहे.

तिसरी रीत : पहारेकऱ्याच्याच घरात लपणे

क्षयाच्या जंतूची रीत अशा उघड हल्ल्याची नाही. तो फुप्फुसात जातो, पांढरी पेशी त्याला गिळते. पण ज्या यंत्रणेने ती गिळलेल्या जंतूचा नाश करावयाची, ती यंत्रणाच तो चालू देत नाही आणि तिच्या पोटात जिवंत राहतो. त्याची वाढ अतिशय मंद. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे वीस तास लागतात. शरीर त्याच्याभोवती गाठीसारखी भिंत बांधते. लागण झालेल्या शंभर माणसांपैकी नव्वदांहून अधिक जणांत हा कैदी जन्मभर कैदेतच राहतो. उरलेल्यांत केव्हातरी, कुपोषणाने, मधुमेहाने वा अन्य कारणाने अंगची शक्ती कमी झाली की, ही भिंत खचते. फुप्फुसात जे भगदाड पडते ते पुष्कळ अंशी शरीराच्याच प्रतिकाराच्या धुमश्चक्रीत पडते.

जंतू मंद आणि लपलेला असल्यामुळे त्याच्यावरील औषधही दीर्घकाळ घ्यावे लागते; साध्या क्षयालाही किमान सहा महिने. पहिल्या दोन महिन्यांत भराभर वाढणारे जंतू मरतात व रोग्याला बरे वाटते. लपलेले मात्र शिल्लक असतात. औषध मध्येच सोडले, तर ते पुन्हा उठतात आणि त्यांच्यात औषधाला न जुमानणारी पिढीही निपजू शकते. ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ यांतील हा भेद गावाला समजावून देणे, हे शिक्षकाचे भाषाज्ञानही आहे व समाजकार्यही आहे. दोन आठवड्यांवर खोकला, बारीक ताप वा वजनात घट दिसली, तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते, हे सांगावे.

चौथी रीत : रक्षकाची दिशाभूल

शाळेतील मुलांचा घसा वारंवार दुखतो. बहुतेक वेळा ते विषाणूंमुळे असते व आपोआप बरे होते. पण काही वेळा त्यामागे माळेसारखा दिसणारा एक जंतू असतो. त्याच्या अंगावरील काही द्रव्ये आपल्या हृदयातील द्रव्यांशी मिळतीजुळती असतात. जंतूविरुद्ध उभी राहिलेली संरक्षक फौज मग हृदयाच्या झडपांवर व सांध्यांवरही तुटून पडते. घसा बरा झाल्यावर दोनचार आठवड्यांनी ताप येतो, मोठे सांधे सुजतात आणि दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हा रोग विशेष होतो. सांधे बरे होतात. झडपेची इजा मात्र जन्माची सोबत करू शकते. घसा दुखल्यानंतर एखादे मूल लंगडू लागले किंवा खेळताना धापा टाकू लागले, तर ‘खोड्या करतो’ असे न म्हणता त्याच्या पालकांना डॉक्टरकडे पाठवावे. वेळीच दिलेल्या पेनिसिलिनने हे संकट टाळता येते.

शिक्षकबंधूंनो, या चार उदाहरणांवरून वर्गासाठी एक साधी पद्धत निघते. रोगाचा पाठ आला की फळ्यावर चार रकाने आखावेत: जंतू कोठून येतो, कोठे ठाण मांडतो, काय बिघडवितो आणि त्याला कोठे अडवावे. पहिले तीन रकाने भरले की चौथा मुले स्वतःच भरू लागतात. पटकीच्या चौथ्या रकान्यात ‘शुद्ध पाणी’ व ‘साखरमिठाचे पाणी’ येईल; धनुर्वाताच्या रकान्यात ‘जखम धुणे’ व ‘टोचणे’; क्षयाच्या रकान्यात ‘पूर्ण सहा महिने’. या पाठास उपकरणांची गरज नाही. एका मुलाच्या ओल्या तळव्यावर चिमूटभर गुलाल टाकावा व त्याला पाचसहा जणांशी हात मिळवावयास सांगावे. गुलाल कोठवर पोहोचला ते सर्वांना दिसेल. द्रावण तर प्रत्येक मुलाने एकदा आपल्या हाताने मोजून तयार करावे. मोजमापाचा पाठही त्यातच होतो.

आणखी एक सूचना. जंतुनाशक गोळ्या विषाणूंवर चालत नाहीत. सर्दीपडशाला त्या घेऊन काही लाभ नाही. उलट वाटेल तेव्हा आणि अर्ध्यामुर्ध्या घेतलेल्या गोळ्यांनी दुबळे जंतू मरतात व चिवट तेवढे मागे राहतात. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या मुलास देऊ नयेत, हेही सांगण्यासारखे आहे.

गावात डॉक्टर आठवड्यातून एखाद वेळ येत असतील. शिक्षक रोज असतो. पटकी झालेल्या मुलाला पहिल्या तासात पाणी मिळते की नाही, हे दवाखान्यात ठरत नाही, त्याच्या घरातील चुलीपाशी ठरते. तेथे त्या वेळी आपण नसतो. पण आपण शिकविलेली सातआठ वर्षांची मुलगी असते. तिला केवळ ‘जंतूंमुळे रोग होतात’ एवढेच येत असेल, तर ती आजीपुढे गप्प राहील. विष काय करते आणि साखरमीठ काय करते हे तिला समजलेले असेल, तर ती तांब्या घेऊन उठेल. आपल्या पाठाची खरी परीक्षा ती आहे.